अमेरिकी यादवी युद्धाची रणचित्रे

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तरेकडची राज्ये आणि संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेकडची गुलामधारक राज्ये यांच्यात यादवी युद्ध झाले. त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. या युद्धाची चित्रे पहिल्या तोफेबरोबरच निघू लागली आणि दीडशे वर्षांनंतरही निघत राहिली. ती लढायांची चित्रे म्हणून ओळखली जातात. पण ओळीने पाहिली, तर लढाई झाली त्या वर्षापेक्षा चित्र काढले गेले त्या वर्षाची खबर त्यांत जास्त सापडते. पैसे कोणी दिले, चित्रकाराच्या पाठीशी उभे राहून ‘असे नव्हते, असे होते’ म्हणणारे माजी सैनिक कोणत्या बाजूचे होते आणि कोणाला कॅनव्हासवर जागाच मिळाली नाही, यांवर रणांगणाचे रूप ठरत गेले.

युरोपातून आलेल्या रणचित्राची घडण ठरलेली होती. मधोमध सेनापती, घोड्यावर स्वार किंवा मरणाच्या दारी. त्याच्याभोवती चेहऱ्याने ओळखू यावेत असे अधिकारी. साधे शिपाई मागे धुरात. मूळचे अमेरिकी असलेले बेंजामिन वेस्ट यांनी १७७० साली जनरल वुल्फच्या मृत्यूचे चित्र याच घडणीत काढले आणि त्यांचे शिष्य जॉन ट्रम्बुल यांनी अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध तिच्यातच बसवले. १८६१ नंतरच्या युद्धाला ही घडण पुरेना. आटे पाडलेल्या नळीच्या बंदुका शेकडो यार्डांवरून माणूस टिपत. शिपाई जमिनीला चिकटून, कुंपणाआड किंवा खंदकात राहून लढत. चार-दोन फैरी झडल्या की काळ्या दारूच्या धुरात समोरचे दिसेनासे होई. व्हर्जिनियातली पीटर्सबर्गची मोहीम तर १८६४च्या उन्हाळ्यापासून पुढच्या वसंतापर्यंत खंदकांतच चालली. चित्रकाराला हवा असतो तसा एकच निर्णायक क्षण आणि एकच नायक या लढायांत सापडणे कठीण होते. शिवाय त्या पिढीतले मान्यवर चित्रकार मुख्यतः निसर्गचित्रे काढणारे होते. फ्रेडरिक चर्च यांनी १८६१ मध्ये पहाटेचे लाल ढग आणि चांदण्या यांतून आकाशात राष्ट्रध्वज उभा केला. सॅनफर्ड गिफर्ड न्यूयॉर्कच्या सातव्या रेजिमेंटमध्ये भरती झाले, पण त्यांनी रंगवल्या त्या छावण्या आणि पहारे.

लढाई प्रत्यक्ष पाहून काढण्याचे काम मग साप्ताहिकांच्या चित्रकारांवर आले. ‘हार्पर्स वीकली’ आणि ‘फ्रँक लेस्लीज इलस्ट्रेटेड न्यूजपेपर’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकांनी सैन्याबरोबर आपली माणसे धाडली. आल्फ्रेड वॉड, त्याचा भाऊ विल्यम, एडविन फोर्ब्स, थिओडोर डेव्हिस ही त्यांतली ठळक नावे. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चा फ्रँक व्हिझेटेली दक्षिणेच्या फौजेत जाऊन राहिला होता, आणि दक्षिणेची बाजू चित्रांतून बाहेरच्या जगाला दिसली ती बरीचशी त्याच्यामुळे. हे लोक सैन्याबरोबर चालत, सैनिकांचेच अन्न खात, तापाने आजारी पडत आणि गोळीच्या टप्प्यात उभे राहून पेन्सिल चालवत. वॉडची रेखाटने आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. भुऱ्या किंवा तपकिरी कागदावर पेन्सिलीच्या झपाट्याच्या रेघा, धुरासाठी पांढऱ्या रंगाचे फटकारे आणि कडेला कोरणाऱ्यासाठी सूचना: इथे झाडी, इथे तोफा, हे घोडे मेलेले. या युद्धाच्या साऱ्या चित्रांत लढाईच्या सर्वांत जवळ असलेला कागद तो हाच.

वाचकाच्या हाती मात्र हा कागद पडत नसे. रेखाटन घोडेस्वाराबरोबर किंवा रेल्वेने न्यूयॉर्कला जाई. तिथे ते उलटे करून लाकडाच्या ठोकळ्यावर उतरवले जाई. लाकूड बॉक्सवुडचे, त्याचे खोड बारीक असल्याने मोठा ठोकळा मिळत नसे, म्हणून लहान ठोकळे बोल्टांनी जोडून मोठा करत. चित्र उतरले की ठोकळे सुटे करून एकेका कारागिराला वाटून देत. कोणी आकाश कोरी, कोणी घोडे, कोणी माणसे. पुन्हा जोडल्यावर सांध्यांवरच्या रेघा मुख्य कारागीर जुळवून घेई. लढाई आणि छापील चित्र यांत दोन-तीन आठवडे सहज जात. या वाटेत चित्र बदले. जखमी थोडे कमी होत, रांगा सरळ होत, आणि विस्कळीत धावपळीतून शिस्तबद्ध चढाई तयार होई. यात फसवणुकीचा हेतू थोडा आणि सवयीचा भाग मोठा असावा. रणचित्र कसे दिसते हे कारागिराला आधीपासून ‘माहीत’ होते.

छायाचित्रांनी हा प्रश्न सोडवला असता, पण तेव्हाचा कॅमेरा हलती वस्तू पकडू शकत नव्हता. काचेवर ओले रसायन लावून, ते वाळायच्या आत काच कॅमेऱ्यात घालून काही सेकंद धरावी लागे. धावता माणूस त्यात उमटत नसे, मेलेला उमटे. १७ सप्टेंबर १८६२ रोजी मेरिलँडमध्ये अँटिटम येथे लढाई झाली आणि अलेक्झांडर गार्डनर यांनी तिथल्या प्रेतांची छायाचित्रे घेतली. मॅथ्यू ब्रेडी यांनी ती ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या आपल्या दालनात मांडली. फुगलेली, वेडीवाकडी पडलेली प्रेते पाहायला लोकांनी गर्दी केली. चढाई करणारी सुंदर रांग आणि झेंडा उंचावून कोसळणारा वीर या गोष्टींवर या छायाचित्रांनी जी सावली टाकली, ती चित्रकारांना पुढे कधी पूर्णपणे पुसता आली नाही. छायाचित्र तरी निखळ होते असे नाही. पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला खडकांआड पडलेल्या एका बंडखोर नेमबाजाचे गार्डनर यांचे प्रसिद्ध छायाचित्र प्रेत उचलून, हव्या त्या जागी ठेवून घेतलेले होते, हे शंभराहून अधिक वर्षांनी उघड झाले.

युद्धकाळात खरोखर नवे चित्र काढले ते विन्स्लो होमर यांनी. १८३६ साली बॉस्टनला जन्मलेले होमर ‘हार्पर्स’साठी आघाडीवर गेले तेव्हा पंचविशीत होते. नोव्हेंबर १८६२ मध्ये त्यांचे एक चित्र छापून आले: झाडाच्या फांदीवर बसून दुर्बीण लावलेली बंदूक रोखलेला एकटा नेमबाज. पुढच्या वर्षी त्यांनी तेच तैलरंगात काढले. चित्रात शत्रू नाही, रक्त नाही, सैन्य नाही. फक्त शांतपणे नेम धरलेला एक माणूस आहे, आणि गोळी कोणाला लागणार हे पाहणाऱ्याला कळत नाही. नेमबाजाचे हे काम आपल्याला खुनाच्या फार जवळचे वाटले होते, असे होमर यांनी म्हातारपणी एका पत्रात लिहिले. १८६६ मध्ये त्यांनी ‘प्रिझनर्स फ्रॉम द फ्रंट’ हे चित्र मांडले. तोडलेल्या झाडांच्या ओसाड माळावर उत्तरेचा एक अधिकारी उभा आहे आणि त्याच्यासमोर दक्षिणेचे तीन कैदी: एक तोऱ्यातला तरुण, एक थकलेला म्हातारा, एक गबाळा पोरगा. अधिकाऱ्याचा चेहरा जनरल फ्रान्सिस बार्लो यांचा आहे. लढाई संपलेली आहे आणि दोन बाजू एकमेकींकडे पाहत आहेत. एकही गोळी न उडणारे हे चित्र या युद्धावरचे सर्वांत चांगले चित्र मानले जाते, आणि ते मत खोडून काढणे अवघड आहे.

दक्षिणेत नाकेबंदीमुळे रंग, कॅनव्हास, कागद सगळ्याचीच टंचाई होती. तरीही कॉनरॅड वाइज चॅपमन या सैनिक चित्रकाराने मोठे काम करून ठेवले. त्याचे बालपण रोममध्ये गेले होते. युद्ध सुरू होताच तो परतून दक्षिणेच्या फौजेत शिरला. चार्ल्स्टन बंदराच्या संरक्षणाची चित्रे काढण्यासाठी त्याला १८६३ मध्ये तिथे नेमण्यात आले. किल्ले, तोफा आणि ढिगारे झालेला फोर्ट समटर यांची ३१ छोटी तैलचित्रे या कामातून झाली. त्यांत ‘हनली’ या पाणबुडीचेही चित्र आहे. शत्रूची युद्धनौका बुडवणारी ही पहिली पाणबुडी फेब्रुवारी १८६४ मध्ये स्वतःही बुडाली. २००० साली ती समुद्रतळातून वर काढेपर्यंत तिचे रूप जाणून घ्यायला चॅपमनचे चित्र हा महत्त्वाचा आधार होता. चॅपमनची चित्रे थोड्याच लोकांनी पाहिली. दक्षिणेत घरोघर पोचले ते विल्यम वॉशिंग्टन यांचे ‘द बरियल ऑफ लाताने’. १८६२ मध्ये पडलेल्या एका तरुण कॅप्टनला पुरुषांच्या गैरहजेरीत बायका, मुले आणि घरचे गुलाम मूठमाती देत आहेत, असे हे दृश्य. १८६४ मध्ये रिचमंडला ते मांडले तेव्हा चित्राखाली वर्गणीसाठी बादली ठेवली होती. युद्धानंतर त्याच्या छापील प्रती निघाल्या. कुदळ-फावड्यावर टेकून शोक करणारा निष्ठावंत गुलाम हा दक्षिणेच्या कल्पनेतला लाडका माणूस. तो या प्रतींतून बैठकीच्या खोल्यांत जाऊन बसला.

शांतता झाल्यावर रणचित्रांना नवा यजमान मिळाला, तो म्हणजे राज्यांची विधिमंडळे. पेनसिल्व्हेनियाने १८६६ मध्ये पीटर रॉदरमेल यांना गेटिसबर्गचे चित्र सांगितले आणि त्यासाठी २५ हजार डॉलर मंजूर केले. गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलै १८६३ अशी तीन दिवस झाली. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून दोन्ही बाजूंचे सुमारे ५१ हजार माणसांचे नुकसान झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेच्या सुमारे साडेबारा हजार सैनिकांनी उघड्या शेतांतून जवळजवळ मैलभर चालत जाऊन उत्तरेच्या मधल्या फळीवर धडक मारली. तिचे नाव ‘पिकेटची चढाई’. ती मोडली, आणि पुढची दीडशे वर्षे चित्रकार तिथेच घुटमळत राहिले. रॉदरमेल यांनी माजी सैनिकांशी पत्रव्यवहार केला, रणांगण पायी पालथे घातले आणि १८७० मध्ये १६ फूट उंच, ३२ फूट रुंद कॅनव्हास पुरा केला. त्यात जुनी घडण उलटी झालेली आहे. पुढे, अगदी अंगावर येतील असे साधे शिपाई दगडी भिंतीपाशी झोंबत आहेत आणि उत्तरेचे सेनापती मीड डाव्या कडेला मागे आहेत. खरे तर त्या क्षणी मीड तिथे पोचलेलेच नव्हते. पण राज्याच्या पैशाने काढलेल्या चित्रात विजयी सेनापती नाही, हे चालण्यासारखे नव्हते. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात हे चित्र ठेवले, तेव्हा त्यावर टीका झाली. देश शंभर वर्षांचा होत असताना दक्षिणेच्या माणसांना मरताना कशाला दाखवायचे, असा तिचा सूर होता.

रॉदरमेल यांचे चित्र पुरे झाले त्याच वर्षी, १८७० मध्ये, जेम्स वॉकर यांनी त्याच चढाईचे दुसरे मोठे चित्र पुरे केले. त्यामागचा मेंदू जॉन बॅचेल्डर यांचा होता. लढाईनंतर काही दिवसांतच ते गेटिसबर्गला पोचले, जखमींना आणि अधिकाऱ्यांना भेटून कोणती रेजिमेंट कुठे होती याची टिपणे घेतली आणि पुढची अनेक वर्षे तोच ध्यास धरला. वॉकर यांच्या चित्रात उंचावरून दिसणारा सबंध माळ आहे, आणि त्यावरच्या तुकड्या नकाशावरच्या असाव्यात तशा मांडलेल्या आहेत. चित्र म्हणून ते थंड आहे. कागदपत्र म्हणून मोलाचे आहे. माजी सैनिकांना असेच हवे असे. आपली रेजिमेंट भिंतीच्या या बाजूला होती की त्या, यावर म्हातारी माणसे वर्षानुवर्षे भांडली, आणि चित्रकार कुंपणाच्या फळ्या मोजू लागले.

सैनिकच चित्रकार झाल्याचीही उदाहरणे आहेत. व्हर्मॉंटचा ज्युलियन स्कॉट पंधराव्या वर्षी बँडमधला पोरगा म्हणून भरती झाला. एप्रिल १८६२ मध्ये गोळ्यांच्या माऱ्यात नदी ओलांडून त्याने जखमींना परत आणले आणि त्याबद्दल त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. १८७४ मध्ये त्याने व्हर्मॉंटच्या विधानभवनासाठी सीडर क्रीकच्या लढाईचे २० फूट रुंद चित्र पूर्ण केले. इतर चित्रकार या लढाईत उत्तरेच्या जनरल शेरिडनला घोडा फेकत पुढे आणतात. स्कॉटच्या चित्रात शेरिडन दूरवर बारीक दिसतो, आणि समोर व्हर्मॉंटचे थकलेले, धुळीने माखलेले शिपाई आहेत. त्यांतले कित्येक चेहरे खऱ्या माणसांचे होते. त्याच राज्यातले जेम्स होप अँटिटमला कॅप्टन होते. आजारपणामुळे ते लढले नाहीत, पण त्यांनी रेखाटने केली आणि पुढे त्यांवरून मोठे फलक रंगवले. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन येथे त्यांच्या दालनात हे फलक होते. १९३५ च्या पुरात ते भिजले, आणि आता दुरुस्त होऊन अँटिटमलाच आहेत. युद्ध न पाहिलेल्या पुढच्या पिढीत विल्यम ट्रेगो याचे नाव घ्यायला हवे. त्याचे दोन्ही हात लहानपणापासून जवळजवळ निकामी होते. एका हातात कुंचला अडकवून तो दुसऱ्या हाताने ढकलत चित्र काढी. त्याच्या घोड्यांच्या पायांत आणि चिखलात रुतलेल्या तोफांत जो जोर आहे, तो धडधाकट चित्रकारांच्या कामातही क्वचित दिसतो.

सामान्य घरांत पोचली ती छापील रंगीत चित्रे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड वापरून एकावर एक छापे घेण्याचे हे तंत्र मराठी वाचकांना रविवर्मा प्रेसच्या देवदेवतांच्या चित्रांमुळे परिचित आहे. बॉस्टनच्या लुई प्रँग यांनी १८८६ ते १८८८ या काळात १८ रणचित्रांचा संच काढला. जमिनीवरच्या लढाया थुरे द थुलस्ट्रप या स्वीडनहून आलेल्या चित्रकाराने आणि आरमारी लढाया ज्युलियन डेव्हिडसन याने रंगवल्या. तपशील अभ्यासून, सैनिकांच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेली ही चित्रे दर्जेदार आहेत. शिकागोच्या कुर्त्झ अँड ॲलिसन या छापखान्याने १८८० च्या दशकापासून ३६ चित्रे काढली, ती याच्या अगदी उलट: सरळसोट रांगा, बाहुल्यांसारखी माणसे, नकाशाशी फारकत. जाणकारांनी त्यांना नावे ठेवली. पण फोर्ट वॅग्नरवर चाल करून जाणारी ५४ वी मॅसॅच्युसेट्स ही काळ्या सैनिकांची रेजिमेंट (१८९०) आणि फोर्ट पिलो इथे झालेली काळ्या सैनिकांची कत्तल (१८९२) हे विषय ठळकपणे छापण्याचे धाडस याच बाजारू छापखान्याने केले. दर्जेदार चित्रकारांनी ते केले नाही.

१८८० च्या दशकात रणचित्राने अजस्र रूप घेतले. वर्तुळाकार इमारतीच्या आतल्या भिंतीला चहूबाजूंनी चित्र लावायचे आणि पाहणाऱ्याला मधोमध उभे करायचे, ही कल्पना रॉबर्ट बार्कर यांनी १७८७ मध्ये ब्रिटनमध्ये नोंदवली होती. अमेरिकेत अशा चित्राला सायक्लोरामा म्हणत. प्रेक्षक अंधाऱ्या बोळातून आणि जिन्यावरून चढून मधल्या चौथऱ्यावर येई. डोक्यावर छत, त्यामुळे चित्राची वरची कड दिसत नसे. उजेड छपरातल्या काचांतून येऊन फक्त कॅनव्हासवर पडे. चौथरा आणि चित्र यांच्यामध्ये खरी माती, गवत, मोडकी चाके, कुंपण, टाकलेल्या पिशव्या. खरी वस्तू कुठे संपते आणि रंग कुठे सुरू होतो हे ओळखू येऊ नये, अशी सारी रचना असे. कॅनव्हास वर-खाली ताणून टांगल्यामुळे मध्यभागी प्रेक्षकाकडे फुगलेला राही, आणि त्या बाकामुळे खोलीचा भास आणखी वाढे.

शिकागोच्या गुंतवणूकदारांनी गेटिसबर्गच्या सायक्लोरामासाठी पॅरिसच्या पॉल फिलिपोतो यांना बोलावले. फ्रान्स-प्रशिया युद्धाचे असे चित्र त्यांच्या वडिलांनी काढले होते, आणि हा धंदा त्या घराला ठाऊक होता. १८८२ मध्ये ते गेटिसबर्गला आले. विल्यम टिप्टन या स्थानिक छायाचित्रकाराकडून त्यांनी उंच मचाणावरून चारी दिशांची छायाचित्रे घेतली आणि सैनिकांच्या मुलाखती घेतल्या. मग सहायकांच्या ताफ्यासह वर्षाहून अधिक काळ काम करून ऑक्टोबर १८८३ मध्ये शिकागोला चित्र खुले केले. लढाईत त्याच ठिकाणी जखमी झालेले जनरल जॉन गिबन ते पाहून थक्क झाले. आपण खरोखर रणांगणावर उभे नाही हे मनाला पटवणे अवघड गेले, अशा अर्थाचे त्यांनी कळवले. यशामागोमाग आणखी तीन आवृत्त्या झाल्या. त्यांतली बॉस्टनची १८८४ च्या अखेरीस ट्रेमॉंट स्ट्रीटवरच्या किल्ल्यासारख्या इमारतीत लागली.

तपशिलाचा एवढा आग्रह धरलेल्या या चित्रातही फ्रान्स डोकावते: शेतातल्या गंज्या पेनसिल्व्हेनियाच्या वाटत नाहीत, युरोपच्या वाटतात. पिकेटच्या चढाईत दक्षिणेचे जनरल आर्मिस्टेड टोपी तलवारीवर धरून पायी आले होते. चित्रात ते घोड्यावरून कोसळतात. घोड्यावरून पडणे अधिक भव्य दिसते, एवढेच त्याचे कारण असावे. झाडाला टेकून तलवार उपसून उभा असलेला एक अधिकारी म्हणजे खुद्द फिलिपोतो.

दुसरा गाजलेला सायक्लोरामा अटलांटाच्या लढाईचा. तो मिलवॉकीला विल्यम वेनर यांच्या कंपनीने जर्मन चित्रकारांकडून १८८५-८६ मध्ये करवून घेतला. फ्रिडरिख हाइने आणि ऑगस्ट लोर हे त्यांचे प्रमुख. उत्तरेचे सेनापती शेरमन यांच्या फौजेबरोबर राहिलेले ‘हार्पर्स’चे थिओडोर डेव्हिस सल्लागार. २२ जुलै १८६४ ची दुपार त्यात आहे. सेनापती मॅकफर्सन पडल्यावर फौज हाती घेतलेले जनरल जॉन लोगन काळ्या घोड्यावरून दौडत येतात आणि उत्तरेची मोडलेली फळी पुन्हा सांधली जाते. वर आकाशात एक गरुड घिरट्या घालतो. हा ‘ओल्ड एब’, आठव्या विस्कॉन्सिन रेजिमेंटचा पाळीव गरुड. ती रेजिमेंट त्या दिवशी अटलांटात नव्हती. पण चित्रशाळा विस्कॉन्सिनमध्ये होती.

१८८६ मध्ये मिनिआपोलिसला उत्तरेचा विजय म्हणून हे चित्र दाखवले गेले. १८९२ मध्ये पॉल ॲटकिन्सन यांनी ते अटलांटाला आणले, तेव्हा जाहिरात झाली की हा दक्षिणेचा विजय आहे. त्यासाठी चित्रात फेरफार करण्यात आले: कैद करून नेले जाणारे राखाडी गणवेशातले सैनिक रंग बदलून निळे झाले, म्हणजे ते उत्तरेचे पळपुटे शिपाई ठरले. जेत्याचा मान या युद्धात इतक्या थोड्या रंगाने क्वचितच फिरवला गेला असेल. मूळ रंग १९३० च्या दशकातल्या दुरुस्तीत परत आले. त्याच सुमारास सरकारी रोजगार योजनेतून पुढच्या मातीत १२८ पुतळे बसवण्यात आले. ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटाच्या पहिल्या खेळासाठी १९३९ मध्ये नट क्लार्क गेबल शहरात आले होते; या पुतळ्यांतल्या एकाला पुढे त्यांचा चेहरा मिळाला. १९७० च्या दशकात चित्र जीर्ण होऊन गळू लागले, तेव्हा शहराचे पहिले काळे महापौर मेनार्ड जॅक्सन यांनी दुरुस्ती उचलून धरली. ज्या लढाईने आपल्या पूर्वजांना मुक्त करायला हातभार लावला तिचे हे चित्र आहे, अशी त्यांची भूमिका होती.

सायक्लोरामांचा बहर दहा-पंधरा वर्षांत ओसरला. १८९० च्या दशकातली मंदी आणि मग सिनेमा यांपुढे ते टिकले नाहीत. शायलो, व्हिक्सबर्ग, मिशनरी रिज या लढायांची अवाढव्य कॅनव्हासे फाटली, कुजली, हरवली. बॉस्टनचे गेटिसबर्ग बरीच वर्षे खोक्यात पडून होते. नेवार्कच्या एका दुकानदाराने ते घेऊन तुकड्यातुकड्यांनी आपल्या दुकानात टांगले, आणि १९१३ साली, लढाईला ५० वर्षे झाली तेव्हा, ते गेटिसबर्गला पोचले. १९४२ मध्ये राष्ट्रीय उद्यान खात्याने ते विकत घेतले. २००८ च्या दुरुस्तीत गेलेले आकाश परत रंगवले गेले आणि कॅनव्हासचा मूळ बाक पुन्हा साधला. आज ते ३७७ फूट घेराचे आणि ४२ फूट उंच आहे. अटलांटाचे चित्र २०१७ मध्ये दोन प्रचंड पोलादी रिळांवर गुंडाळून क्रेनने जुन्या इमारतीच्या छपरातून बाहेर काढले आणि २०१९ मध्ये अटलांटा हिस्टरी सेंटरमध्ये खुले केले. मांडलेल्या स्थितीत पाहता येणारे यादवी युद्धाचे सायक्लोरामा हे दोनच.

या साऱ्या चित्रांतून युद्धाचे कारण जवळजवळ गायब आहे. उत्तरेच्या फौजेत पावणेदोन लाखांहून अधिक काळे सैनिक लढले. मोठ्या कॅनव्हासांवर ते नाहीत, आणि याचे एक सोयीस्कर उत्तर असे की गेटिसबर्गला काळ्या रेजिमेंटा लढल्याच नाहीत आणि शेरमन यांनी आपल्या लढाऊ फौजेत त्यांना घेतले नाही. उत्तर खरे आहे; पण कोणती लढाई चितारायची हे चित्रकार आणि पैसे देणारेच ठरवत होते. पीटर्सबर्गला ३० जुलै १८६४ रोजी सुरुंगाच्या खड्ड्यापाशी झालेल्या लढाईत काळे सैनिक मोठ्या संख्येने होते, आणि तिचे चित्र काढले ते जॉन एल्डर या दक्षिणी चित्रकाराने, प्रतिहल्ला करणाऱ्या जनरल महोन यांच्यासाठी. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. म्हणजे या युद्धाचा अर्थ पुण्यात बसून लागत होता, त्या वेळी अमेरिकेतले चित्रकार कुंपणाच्या फळ्या बरोबर मोजण्यात गढले होते. दोन्हीकडचे गोरे सैनिक सारखेच शूर होते, एवढ्यावर समेट घडत होता, आणि शौर्य दाखवायला कारण सांगावे लागत नाही.

दक्षिणेची बाजू भिंतींवर चढली ती विसाव्या शतकात. रिचमंडच्या स्मारकासाठी चार्ल्स हॉफबाउर या फ्रेंच चित्रकाराने दक्षिणेच्या फौजेचे चार ऋतू भित्तिचित्रांत काढायला घेतले. १९१४ मध्ये ते काम टाकून तो फ्रान्सच्या बाजूने लढायला गेला आणि पहिले महायुद्ध संपल्यावर परत येऊन त्याने ते पुरे केले. त्यानंतर रणचित्र बराच काळ मासिकांच्या पानांपुरते उरले. १९८० च्या दशकात मॉर्ट कुन्स्टलर, डॉन ट्रॉयानी यांच्यासारख्या चित्रकारांनी त्याला पुन्हा बाजार मिळवून दिला. मोजक्या प्रती, त्यांवर चित्रकाराची सही आणि क्रमांक, असा हा व्यवहार होता. १९९० ची केन बर्न्स यांची दूरचित्रवाणी मालिका आणि १९९३ चा ‘गेटिसबर्ग’ चित्रपट यांनी तो फुगवला. कुन्स्टलर यांच्या चित्रांत बर्फात निरोप घेणारे दक्षिणेचे सेनापती फार खपले. ट्रॉयानी मात्र जुन्या गणवेशांचे आणि हत्यारांचे मोठे संग्राहक. बटण, शिवण, पट्ट्याचा चामड्याचा रंग यांत ते चूक होऊ देत नाहीत. व्हर्जिनियातल्या न्यू मार्केट हाइट्सच्या लढाईत, २९ सप्टेंबर १८६४ रोजी केलेल्या कामगिरीबद्दल १४ काळ्या सैनिकांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले होते. तिथे झेंडा सावरत पुढे गेलेल्या काळ्या सैनिकांच्या सहाव्या रेजिमेंटचे मोठे तैलचित्र ट्रॉयानी यांनी फिलाडेल्फियाच्या युनियन लीगसाठी काढले. ते २०१३ मध्ये लागले.